दोन भावांच्या डोंगराची प्रदक्षिणा

शर्यतीची आवड मनुष्यास नवी नाहीं. वाजपेय यज्ञांत सतरा रथ धांवविण्याचा विधि सांगितलेला आहे, आणि त्यांत यजमानाचाच रथ पुढें यावा अशी योजना असते. अर्थात् धांवणें हें देवकार्याचेंही अंग होऊं शकतें, असें आपल्या पूर्वजांस वाटत होतें. महाभारतांतील नलोपाख्यानांत तर या विषयाचें मर्मच सांगितलें आहे. ऋतुपर्ण राजास एका दिवसांत अयोध्येहून विदर्भांत पोंचावयाचें असतें. बाहुक या नांवानें सारथ्य करणारा नल अश्वशाळेंतून कृश दिसणारे घोडे निवडतो, राजा त्याच्यावर रागावतो, आणि त्याच घोड्यांच्या बळावर नल त्यास सायंकाळीं कुंडिनपुरास नेऊन पोंचवितो. वाहनाच्या डौलापेक्षां वाहन ओळखणाऱ्याची विद्या श्रेष्ठ, हें या कथेचें सार होय.

हेंच सार पृथ्वीच्या दुसऱ्या अंगास, दक्षिण अमेरिकेंत, दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत एका रस्त्यावर निराळ्या रीतीनें प्रत्ययास आलें. तो रस्ता ब्राझील देशांतील रिओ दि जानेरो शहरांत आहे. कागदोपत्रीं त्याचें नांव गाव्हियाचें वर्तुळ. लोकांनीं ठेवलेलें नांव मात्र ‘सैतानाची उडी घेण्याची फळी’. १९३३ पासून १९५४ पर्यंत या रस्त्यावर मोटारींच्या शर्यती होत. दोन वर्षांपूर्वीं आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांकडे रिओस जाण्याचा योग आला, तेव्हां हा रस्ता आम्हीं दोनदां फिरून पाहिला. मोटारींच्या शर्यतीशीं आमच्यासारख्या संस्कृताच्या मास्तराचा संबंध काय, असें कोणी विचारील. परंतु स्थळ पाहिल्यावर त्याचा इतिहास वाचावासा वाटला, आणि इतिहास वाचल्यावर तो घरांतील वडील मंडळींस व मुलांस सारखाच सांगण्याजोगा वाटला.

रिओ दि जानेरो हें शहर १९६० पर्यंत ब्राझीलची राजधानी होतें. समुद्र, उघडे खडक आणि दाट अरण्य हीं तिन्ही इतक्या निकट एकत्र आलेलीं दुसऱ्या मोठ्या शहरांत क्वचितच पाहावयास मिळतील. आपल्याकडे डोंगर गांवाच्या बाहेर असतो आणि गांव त्याच्या पायथ्याशीं वसतें; येथें डोंगर शहराच्या आंत उभे आहेत, आणि शहर त्यांच्यामधील फटींतून पाण्यासारखें वाट काढीत पसरलें आहे. दक्षिण किनाऱ्यावर लेब्लॉन नांवाची पुळण आहे. तिच्या पश्चिम टोंकास एक जोडशिखर दिसतें. त्यास पोर्तुगीज भाषेंत ‘दोइस इर्माओस’, म्हणजे ‘दोन भाऊ’ म्हणतात. एक उंच व सुळक्यासारखा, दुसरा बुटका व रुंद. लेब्लॉनच्या पुळणीवरून पाहतां धाकटा भाऊ थोरल्याच्या खांद्याशीं लगटून उभा आहे असा भास होतो.

या दोन भावांभोंवतीं जो रस्ता फिरतो, तोच शर्यतीचा मार्ग. त्याची लांबी सुमारें ११ किलोमीटर, म्हणजे आपल्या जुन्या मापानें साडेतीन कोसांच्या आंतबाहेर. शर्यतीच्या गाड्या ज्या दिशेनें धांवत, त्या दिशेनें डोंगर सदैव उजव्या हातास राहतो. हें आमच्या ध्यानांत आलें तेव्हां मौज वाटली. ज्यांस प्रदक्षिणा हा शब्दही ठाऊक नव्हता, त्यांनीं एकवीस वर्षें या डोंगराला शास्त्रशुद्ध प्रदक्षिणा घातल्या!

आतां हा मार्ग कसा आहे तें क्रमानें सांगतों. आरंभ गाव्हिया नांवाच्या भागांत होतो. गलबताच्या वरच्या शिडाला पोर्तुगीजांत ‘गाव्हिया’ म्हणतात. पश्चिमेकडील एक प्रचंड खडक तशा आकाराचा दिसतो म्हणून दर्यावर्दी लोकांनीं तें नांव दिलें, आणि पुढें तें वस्तीसही मिळालें. येथून गाड्या उतारानें निघत आणि एका कालव्याच्या कांठानें लेब्लॉनकडे येत. कालव्याच्या दोहों बाजूंस झाडांची रांग आहे, सांवली सुखाची आहे, आणि सायंकाळीं तेथें मुलें व वृद्ध फिरावयास येतात. पाहणाऱ्यास हा सर्व मार्गांतील अत्यंत निरुपद्रवी भाग वाटावा. परंतु याच कालव्यानें १९३५ सालीं इरिनेउ कोर्रेआ याचा बळी घेतला. आदल्या वर्षींच्या शर्यतीचा तो विजेता, लोकांचा लाडका. पहिल्याच फेरींत त्याची फोर्ड गाडी रस्ता सोडून कालव्यांत कोसळली आणि तो जागच्या जागीं गतप्राण झाला. एका वर्षापूर्वीं ज्या रस्त्यावर त्याच्यावर फुलें पडलीं असतील, त्याच रस्त्यावर लोकांनीं त्याचें प्रेत उचललें.

लेब्लॉन संपतांच रस्ता समुद्राच्या कड्यावर चढतो. यास नीमायर मार्ग म्हणतात. ब्राझीलचा जगप्रसिद्ध वास्तुशिल्पी ऑस्कर नीमायर याच्या नांवाचा हा रस्ता असावा असें प्रवाशांस वाटतें, पण तसें नाहीं. कोनरादु नीमायर नांवाच्या त्याच्या पूर्वींच्या एका सधन गृहस्थाच्या नांवानें तो ओळखला जातो. डाव्या हातास अटलांटिक महासागर, उजव्या हातास थोरल्या भावाची उभी भिंत, आणि मध्यें दोन गाड्या जेमतेम एकमेकींस ओलांडतील एवढी वाट. आपल्या वरंधा घाटाची ज्यांस संवय आहे, त्यांनीं दरीच्या जागीं समुद्र कल्पावा, म्हणजे या रस्त्याचें चित्र डोळ्यांपुढें उभें राहील. लाटा कड्यावर आपटल्या कीं तुषार वर येतात. या समुद्राचें बळ केवढें आहे याचा दाखला अलीकडचा आहे: येथें सायकलींसाठीं कड्याला लागून नवी वाट बांधली होती, एप्रिल २०१६ मध्यें एका लाटेनें तिचा तुकडा खालून उचलून फेंकला, आणि दोन माणसें प्राणास मुकलीं. अशा कड्यावरून, कठड्याचा फारसा आधार नसतां, तीं गाडीवालीं माणसें वळणामागून वळण घेत पुढें जात.

पुढें सां कोनरादु येथें रस्ता समुद्राशीं समपातळीवर उतरतो आणि क्षणभर विसांवा मिळतो. तेथून उजवीकडे वळून जी चढण लागते ती थेट डोंगराच्या खिंडीपर्यंत. हा गाव्हियाचा घाट. वळणें इतकीं कीं मोजतांना बोटें संपावीत. सबंध मार्गावर शंभराहून अधिक वळणें होतीं असें सांगतात, आणि त्यांतील बहुतेक या चढउतारावर आहेत. खिंड ओलांडली कीं दुसऱ्या बाजूस तसाच वांकडातिकडा उतार, आणि उताराच्या शेवटीं पुनः गाव्हियाची वस्ती, जेथें त्या काळीं रस्त्यांतून ट्रामचे रूळ गेले होते. फरशी एका जातीची नव्हती: कोठें डांबर, कोठें सिमेंट, कोठें दगडी चिरे, कोठें नुसती माती व रेती. पाऊस पडला कीं ओले चिरे आणि ओले रूळ हे सारथ्याचे मोठे वैरी. एका फेरींत चालकास समुद्र, डोंगर, गांव आणि अरण्य असे चार निरनिराळे रस्ते भेटत, आणि अशा फेऱ्या एकामागून एक अनेक घालाव्या लागत. सैतानाचें नांव या रस्त्यास उगाच पडलें नव्हतें.

घाटाच्या वरच्या अंगास झाडी दाट आहे, आणि तिच्यांत फणस पाहून आम्हांस अत्यंत आनंद झाला. हा वृक्ष ब्राझीलचा नव्हे. पोर्तुगीजांनीं तो आपल्या देशांतून तिकडे नेला, आणि रिओच्या अरण्यांत तो इतका फोफावला आहे कीं तेथील वनस्पतिशास्त्रज्ञांस आतां त्याची चिंता वाटते. उलट आपल्या गोमंतकांत व कोंकणांत ज्याच्या बागा आहेत, तो काजू ब्राझीलहून पोर्तुगीजांच्याच गलबतांतून आला, आणि त्याचें नांवही तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेंतून पोर्तुगीजांत व तेथून मराठींत आलें. दोन किनाऱ्यांनीं एकमेकांस फळें दिलीं. देणाऱ्याघेणाऱ्याचें राज्य गेलें, फळें मात्र राहिलीं.

आतां शर्यतीकडे वळूं. पहिली शर्यत ऑक्टोबर १९३३ मध्यें झाली आणि ती मानुएल दे तेफ्फे या ब्राझीलच्याच गृहस्थानें जिंकली. दुसऱ्या वर्षीं, वर सांगितल्याप्रमाणें, कोर्रेआ विजयी झाला. त्यानंतर शर्यतीची कीर्ति पसरली आणि परदेशचे पाहुणे येऊं लागले. १९३५ व १९३६ सालीं आर्जेंटिनाच्या चालकांनीं बाजी मारली. १९३७ सालीं तर युरोपांतील दोन राजवटींचा अभिमानच जणूं या डोंगराभोंवतीं पळावयास आला. हिटलरच्या सरकारच्या पाठबळानें बांधलेली ‘आउटो उनिओन’ ही सोळा सिलिंडरांची, पांचशें अश्वांच्या बळाची प्रचंड गाडी घेऊन जर्मन चालक हान्स श्टुक आला. मुसोलिनीच्या इटलीचा कार्लो पिंताकुदा आठ सिलिंडरांची आल्फा रोमेओ घेऊन आला. बळाचा विचार केला तर जर्मन गाडी केव्हांही सरस. पण त्या दिवशीं पाऊस होता. ओल्या चिऱ्यांवर अतिरिक्त बळ हेंच ओझें झालें, आणि पिंताकुदा कांहीं सेकंदांच्या अंतरानें पुढें राहून जिंकला. दुसऱ्या वर्षींही तोच जिंकला. त्या देशांत पुढें कित्येक वर्षें भरधाव गाडी हांकणाऱ्यास लोक थट्टेनें ‘पिंताकुदा’ म्हणत.

येथपर्यंतचा इतिहास श्रीमंत पाहुण्यांच्या यंत्रांचा आहे. यजमान टाळ्या वाजवीत, गाड्या पाहत, आणि पाहुणे परत गेल्यावर त्यांनीं मागें ठेवलेल्या किंवा विकलेल्या जुन्या गाड्या घेऊन आपली हौस भागवीत. मग सप्टेंबर १९३९ मध्यें युरोपांत युद्ध पेटलें आणि सर्वच पालटलें. पाहुणे येईनासे झाले. नवीन गाड्या तर राहोतच, जुन्या गाड्यांचे सुटे भागही मिळेनात. युरोपांतील नामांकित चालकांपैकीं कोणी सैन्यांत गेले, कोणी घरीं बसले. तेथील शर्यतींचे रस्ते रणगाड्यांनीं भरले. दक्षिण अमेरिकेंतील चालकांपुढें प्रश्न पडला: ज्यांच्या यंत्रांवर आपण खेळलों ते आतां येत नाहींत, तर आपण खेळावें कीं स्वस्थ बसावें?

त्यांनीं खेळावयाचें ठरविलें. १९४१ सालीं गाव्हियाच्या डोंगराभोंवतीं पुनः शर्यत झाली. तीं युद्धाचीं वर्षें. ब्राझील अद्याप तटस्थ होता. या शर्यतींत विजयी झाला तो फ्रान्सिस्को लांदी, ज्यास सर्व लोक लाडानें चिको म्हणत. हा सां पाउलो शहरांत १९०७ सालीं जन्मलेला, इटालियन वंशाचा, मोटारदुरुस्तीच्या कारखान्यांत हात काळे करून वाढलेला मनुष्य. नवें यंत्र मागवितां येत नाहीं तेव्हां जुन्याची नस ओळखणें हीच विद्या. आणि ती विद्या कारखान्यांत वाढलेल्यास असते, केवळ पैसेवाल्यास नसते. नलानें कृश घोडे निवडले त्यांतील मर्म हेंच होतें.

पुढें ऑगस्ट १९४२ मध्यें एका जर्मन पाणबुडीनें ब्राझीलच्या किनाऱ्यावर तेथील उतारूंचीं जहाजें बुडविलीं. शेंकडों निरपराध माणसें बुडालीं, लोक खवळले, आणि त्याच महिन्यांत ब्राझीलनें जर्मनी व इटली यांच्याविरुद्ध युद्ध पुकारलें. त्या काळीं ब्राझीलमध्यें पेट्रोल बाहेरून येई. समुद्र बंद झाला तशी रस्त्यांवरील मोटारही बंद पडण्याची वेळ आली. तेव्हां सरकारनें आणि कारागिरांनीं ‘गॅसोजेनियो’चा आश्रय केला.

हें गॅसोजेनियो म्हणजे काय, हें आपल्याकडील जुन्या मंडळींस निराळें सांगावयास नको. युद्धकाळांत आपल्या देशांतही पेट्रोल मोजून मिळे आणि पुष्कळ मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. आमचे वडील सांगत कीं, मोटारीच्या पाठीमागें एक मोठें लोखंडी पिंप बसविलेलें असे, क्लीनर पंख्याचा दांडा फिरवून फिरवून घामाघूम होई, आणि घाट चढतांना उतारूंस खालीं उतरून पायीं चालावें लागे. यंत्राची रचना साधी आहे. बंद पिंपांत लांकडी कोळसा पेटवावयाचा, पण त्यास पुरता वारा द्यावयाचा नाहीं. पुरता वारा मिळाला तर कोळसा जळून निरुपयोगी वायु होतो. अपुरा मिळाला तर त्यापासून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा, पुनः जळूं शकणारा वायु तयार होतो. तो नळ्यांतून थंड करावयाचा, गाळून त्यांतील राख व धूळ काढावयाची, मग त्यांत हवा मिसळून एंजिनांत सोडावयाचा. हाच वायु विषारी असल्यानें बंद जागेंत जिवावर बेततो. त्याच्यावर एंजिनाचें बळ तृतीयांशानें, कधीं निम्म्यानें घटतें. पिंपाचें ओझें वाढतें. आणि सुरू करण्यापूर्वीं कोळसा नीट धगधगेपर्यंत दहा-पंधरा मिनिटें खोळंबावें लागतें.

अशा यंत्रानें कोणी शर्यत लावील, असें आपल्या मनांतही येणार नाहीं. परंतु ब्राझीलमध्यें युद्धाच्या वर्षांत कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारींच्या शर्यती झाल्या, आणि चिको लांदीनें त्यांतही नांव कमाविलें. सरकारचा हेतु सरळ होता: लोकांस हें यंत्र विश्वसनीय वाटावें, त्यांनीं तें आपल्या गाडीस बसवावें. चालकांचा हेतु निराळा होता: हात गंजूं नये. आम्हांस मात्र यांत तिसरेंच कांहीं दिसतें. पेट्रोलच्या शर्यतींत पाय दाबला कीं बळ येतें. कोळशाच्या शर्यतींत बळ मागून मिळत नाहीं. तें आधीं सांठवावें लागतें. कोळसा कोरडा आहे कीं ओला, गाळणी तुंबली कीं काय, वारा किती सोडावा, चढण येण्यापूर्वीं किती वेळ आधीं पिंप तापवावें, याचा विचार धांवतां धांवतां करावा लागतो. थोडक्यांत, हा खेळ गृहिणीच्या चुलीसारखा आहे. ओलें सर्पण असलें तरी वेळेवर पानें मांडण्याचें कसब जिला साधलें, तीच खरी सुगरण.

ब्राझीलच्या दक्षिणेस आर्जेंटिना देश आहे. तेथेंही त्याच वर्षांत असाच एक मनुष्य घडत होता. त्याचें नांव हुआन मानुएल फांजिओ. बाल्कार्से नांवाच्या, बटाट्यांच्या शेतीबद्दल प्रसिद्ध असलेल्या लहान गांवांत १९११ सालीं त्याचा जन्म झाला, आणि लहानपणापासून तोही दुरुस्तीच्या कारखान्यांतच वाढला. शर्यतीची गाडी विकत घेण्याची त्याची ऐपत नव्हती. गांवकऱ्यांनीं वर्गणी जमवून त्यास शेव्रोलेट गाडी घेऊन दिली. १९४० सालीं ब्युएनोस आयरेसहून पेरू देशांतील लिमापर्यंत जाऊन परत येण्याची, नऊ हजार किलोमीटरांहून लांब पल्ल्याची, अँडीज पर्वत ओलांडणारी शर्यत त्यानें जिंकली. १९४१ मध्यें तो ब्राझीलमध्यें येऊन तेथील लांब पल्ल्याची शर्यतही जिंकून गेला. १९४२ मध्यें टायर व पेट्रोल यांच्या टंचाईमुळें आर्जेंटिनांतील शर्यती बंद पडल्या. तेव्हां हा मनुष्य गांवोगांव फिरून जुन्या मालमोटारी विकत घेई आणि त्यांचे टायर काढून विकी. ज्यास पुढें जगानें डोक्यावर घेतलें, त्याचीं ऐन उमेदीचीं वर्षें अशीं टायरांच्या व्यापारांत गेलीं.

युद्ध संपलें. गाव्हियास पुनः गाड्यांचा आवाज घुमूं लागला. १९४७ व १९४८ सालीं चिको लांदीनें येथील शर्यत पुनः जिंकली. १९४८ मध्येंच तो इटलींतील बारी शहरीं गेला आणि तेथील शर्यत फेरारी गाडीवर जिंकून आला. पाहुण्यांच्या उतरलेल्या गाड्या हांकणारा मनुष्य पाहुण्यांच्याच अंगणांत त्यांच्या पुढें गेला. १९५१ सालीं जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतींत भाग घेणारा तो पहिला ब्राझीलवासी ठरला. फांजिओनें तर १९५१, १९५४, १९५५, १९५६ आणि १९५७ असें पांच वेळां जागतिक अजिंक्यपद मिळविलें. त्याचाच देशबंधु होसे फ्रोइलान गोन्साल्स यानें १९५१ मध्यें इंग्लंडांतील सिल्व्हरस्टोन येथें फेरारी गाड्यांस अजिंक्यपदाच्या मालिकेंतील त्यांचा पहिला विजय मिळवून दिला, आणि १९५२ सालीं गाव्हियाचाही मुकुट पटकाविला. ज्या वर्षांत युरोपचे हात तोफांत गुंतले होते, त्या वर्षांत या दरिद्री, टायरास महाग झालेल्या शिष्यांनीं शिकलेली विद्या टिकवून धरली होती.

हें सर्व वाचून मन उल्हसित होतें खरें. परंतु जमाखर्चाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. शर्यतींत चालक स्वेच्छेनें जीव धोक्यांत घालतो. रस्त्याच्या कडेस उभा राहिलेला मनुष्य तसें करीत नाहीं. १९३६ सालीं सां पाउलो शहराच्या रस्त्यांवर शर्यत झाली, तींत फ्रान्सची एल्ले नीस नांवाची धाडसी स्त्री धांवत होती. शर्यत संपत आली असतां तिची गाडी गर्दींत घुसली. प्रेक्षकांपैकीं कांहीं जागीं ठार झाले, अनेक जखमी झाले. ती स्वतः मेली असेंच प्रथम लोकांस वाटलें, पण वांचली. त्या शहरानें यापासून बोध घेतला असें म्हणावें लागतें. कारण मे १९४० मध्यें तेथें इंटरलागोस हें शर्यतीचें निराळें मैदान खुलें झालें, आणि शर्यत शहराच्या रस्त्यांवरून उठून आपल्या जागीं गेली. रिओची शर्यत मात्र आणखी चौदा वर्षें रहदारीच्या रस्त्यावरच चालली. १९५४ सालीं स्वित्झर्लंडच्या दे ग्राफेनरीड यानें ती जिंकली, आणि तीच अखेरची.

या अखेरीबद्दल आम्हांस खेद वाटत नाहीं. वस्ती वाढली होती, गाड्यांचा वेग वाढला होता, आणि घाटाच्या ज्या वळणांवर एके काळीं झाडीशिवाय कांहीं नव्हतें तेथें माणसांचे संसार उभे राहिले होते. त्या घाटावर आज रोसिन्या नांवाची वस्ती आहे. नांवाचा अर्थ ‘लहानसें शेत’. पूर्वीं येथें लहान लहान शेतकरी भाजी पिकवून खालच्या बाजारांत विकीत, त्यावरून हें नांव पडलें असें म्हणतात. आतां शेताची काडीही उरली नाहीं. २०२२ च्या शिरगणतीप्रमाणें येथें ७२ हजारांहून अधिक लोक राहतात, आणि ब्राझीलमधील गोरगरिबांच्या अशा वस्त्यांत लोकसंख्येनें हीच पहिली आहे. विटांचीं घरें एकावर एक अशीं रचलीं आहेत कीं, एकाचें छप्पर तें दुसऱ्याचें अंगण. जी शर्यतीची वाट होती, तीच आज या वस्तीची मुख्य वाट. तिच्यावर बस आहे, फटफटीवर उतारू नेणारे तरुण आहेत, भाजीवाले आहेत, शाळेस निघालेलीं मुलें आहेत. एका मोठ्या दुहेरी वळणास अद्याप त्याच्या आकारावरून ‘एस्’चें वळण म्हणतात.

त्या वळणावर आमची बस समोरून येणाऱ्या दुसऱ्या बससाठीं थांबली. दोन्ही बसचे चालक खिडकींतून एकमेकांशीं हांसून कांहीं बोलले, एकानें बस वीतभर मागें घेतली, दुसऱ्यानें भिंतीस न घासतां वळविली. चिरंजीव म्हणाले, “काका, हे लोक दिवसांतून कितीदां तरी हें वळण असेंच घेतात.” तेव्हां मनांत आलें कीं, त्या रस्त्याची विद्या अजून नाहींशी झालेली नाहीं. फक्त तिनें आपला हेतु बदलला आहे. पूर्वीं ती दुसऱ्याच्या पुढें जाण्यासाठीं होती. आतां दुसऱ्यास वाट देण्यासाठीं आहे.

आमच्या वाचकांच्या घरोघरीं आज तरुणांच्या हातीं मोटारसायकली आहेत, आणि वेगाचें वेड हें त्यांच्या वयाचें लक्षणच आहे. त्यांस नुसतें ‘हळू जा’ म्हणून भागत नाहीं, हें आम्हीं शाळेंत छत्तीस वर्षें घालविल्यामुळें जाणतों. त्यांस लांदीची व फांजिओची गोष्ट पुरती सांगावी. हे दोघे मोठे झाले ते पाय दाबल्यामुळें नव्हे. यंत्र उघडून पाहिल्यामुळें, वाईट कोळशांतूनही बळ काढण्याची चिकाटी ठेवल्यामुळें, आणि टंचाईच्या वर्षांत हात चालू ठेवल्यामुळें झाले. त्याबरोबर कोर्रेआची व सां पाउलोच्या त्या प्रेक्षकांचीही गोष्ट सांगावी. ती गाळली तर पहिली गोष्ट अर्धवट राहते. शर्यतीचा दिवस वर्षांतून एक. उरलेले सर्व दिवस रस्ता पायीं चालणाऱ्याचा असतो.

टंचाई ही मोठी गुरु आहे असें म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हांस तें पुरतें मान्य नाहीं. टंचाईनें हजारांचे हात रिकामे केले, हें विसरून दोघांच्या यशाबद्दल तिचें स्तोत्र गाणें बरोबर नव्हे. परंतु एवढें खरें कीं, सामग्री तुटली म्हणजे मनुष्याजवळ खरोखर त्याचें स्वतःचें काय होतें तें उघडें पडतें. पाहुण्यांचीं यंत्रें गेलीं, समुद्र बंद झाला, पेट्रोल संपलें. आणि मागें उरला तो दोन भावांचा डोंगर, त्याच्याभोंवतींची अवघड वाट, आणि ती वाट हाताबोटांनीं पाठ केलेलीं कांहीं माणसें. तेवढ्यावर त्यांनीं पुढचीं वर्षें निभावून नेलीं.